मळीला पूर लागतो

पाणी आधी मोरीतून आलं.

आमच्या बेसमेंटमध्ये कपडे धुण्याच्या मशीनशेजारी जमिनीत जाळी बसवलेली एक छोटी मोरी होती. २६ एप्रिल २०२०, रविवार. लॉकडाउनमुळे सगळे घरातच. मी कपडे काढायला खाली गेले आणि जाळीतून गुडगुड ऐकू आली. मी सांगलीच्या गावभागात वाढले. त्या आवाजाचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पूर उंबऱ्यावरून येण्याआधी मोरीतून येतो. आजी अशा वेळी मोरीच्या भोकात गोणपाटाचा बोळा कोंबायची आणि वर पाटा ठेवायची. मीही तेच केलं. जुनी चादर कोंबली, वर तांदळाची पिशवी ठेवली आणि वर येऊन नवऱ्याला म्हटलं, "नदी घरात येतेय. पासपोर्ट घे."

तो खिडकीबाहेर बघून म्हणाला, "पण पाऊस कुठंय?"

पाऊस नव्हताच. गाव होतं फोर्ट मॅकमरी, कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेला, तेलवाळूवर, म्हणजे तेल मिसळलेल्या वाळूच्या खाणींवर जगणारं. नवरा पुण्याचा. पूर म्हणजे धो धो पाऊस, धरणाचे उघडलेले दरवाजे, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे. इथे मात्र नदीच्या वाटेत बर्फ अडकला होता. थोडाथोडका नाही, अथाबास्का नदीत सुमारे २५ किलोमीटर लांबीची बर्फाची कोंडी झाली होती. मागून येणाऱ्या पाण्याला पुढे वाट नाही. मग ते आडवं पसरलं, आणि गावाजवळ अथाबास्काला मिळणाऱ्या क्लिअरवॉटर नदीत उलटं शिरलं. आमचं घर त्या क्लिअरवॉटरच्या काठच्या सखल भागात.

सांगलीकराला यासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. आमच्याकडे पोरंसोरंही म्हणतात, फुगवटा आला. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं सांगली बुडते की नाही, यावर आमच्या घरी जेवणाची ताटं थंड झालेली मी पाहिली आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आई-बाबांना होडीतून बाहेर काढलं होतं, आणि मी इथे बसून रात्रभर फोनवर एकच प्रश्न विचारत होते, "आयर्विनला किती फूट?" त्यानंतर आठ महिन्यांनी मी स्वतः एका पिशवीत कागदपत्रं आणि दुसरीत मुलाचे कपडे भरत होते. त्या वेळी गावातली सुमारे १३ हजार माणसं घरं सोडून निघाली. २०१६ च्या वणव्यात अख्खं गाव रिकामं झालं होतं, ते पाहिलेल्या आमच्या शेजारीणबाईंनी चार वर्षांत दुसऱ्यांदा दाराला कुलूप लावलं. मागे वळूनही पाहिलं नाही त्यांनी.

त्यानंतरचे दिवस मी फार लांबवत नाही. हॉटेलची खोली, तोंडाला मास्क, वरणभात इलेक्ट्रिक कुकरमध्ये. पूर सगळीकडे सारखाच असतो.

परत आल्यावर बेसमेंटच्या पायरीवर उभी राहिले आणि नाकात वास शिरला. ओला, थंड, किंचित लोखंडासारखा. गाळाचा वास. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर सरळ रेघ, आणि खाली सगळ्यावर करडा, लोण्यासारखा मऊ गाळ. सुरकुतीसुद्धा नाही त्यावर. मी बोट घातलं, तर पेरभर आत गेलं. आईनं पाठवलेल्या कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या त्यात आडव्या पडल्या होत्या, झाकणं घट्ट, आतलं तेल तसंच पिवळंधमक. मी त्या बरण्या धुतल्या आणि शेवटी टाकून दिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

गाळ खोऱ्यानं ओढताना मला आजोबांची फार आठवण झाली. कृष्णाकाठी आमचं थोडं मळीचं रान होतं. साखर कारखान्याची मळी ती वेगळी. ही मळी म्हणजे नदीलगतची, पुरात बुडणारी जमीन. दर पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची आणि पाणी उतरलं की वर काळ्या गाळाचा नवा थर. त्यावर धरलेली वांगी गावात हातोहात संपत. आजोबा म्हणायचे, "मळीला शेणखत घालावं लागत नाही, नदीच घालते. मळीला पूर लागतो." घरात पाणी शिरलं की हाच माणूस नदीच्या नावानं बोटं मोडायचा. लहानपणी मला वाटायचं, आजोबांचं एक काहीतरी ठरत नाही.

पण बर्फाची ही कोंडी होते कशी, हे मला नीट कळेपर्यंत वर्ष गेलं. इथले जुने लोक 'ब्रेकअप' म्हणतात, नदी फुटण्याला. मुंबईत पाऊस कधी सुरू होणार यावर जशा गप्पा होतात, तशा इथे एप्रिलमध्ये नदी कधी फुटणार यावर. अथाबास्का रॉकी पर्वतात, कोलंबिया हिमक्षेत्रात उगम पावते आणि सुमारे १,२३० किलोमीटर वाहत अथाबास्का सरोवराला मिळते. वाहते दक्षिणेकडून उत्तरेकडे, आणि सगळी मेख इथेच आहे. उन्हाळा दक्षिणेला आधी पोचतो. वरच्या अंगाला बर्फ वितळून नदी भरते, सुटलेले तुकडे घेऊन निघते, आणि खालच्या अंगाला अजून कडक हिवाळा. तिथलं बर्फाचं झाकण जाड, काठांना घट्ट धरून बसलेलं. मागून लोंढा आणि पुढे बंद दार.

तरी दर वर्षी पूर येत नाही. वसंत हळूहळू आला, बर्फावर ऊन नीट लागलं, तर तो जागच्या जागी कुजतो. हा कुजका बर्फ मी हातात घेतला आहे. त्याच्या उभ्या, मेणबत्तीसारख्या कांड्या होतात. ढेकूळ उचलून सैल सोडलं की कांड्या सुट्या होऊन पाण्यात पडतात आणि आवाज थेट काचेच्या बांगड्यांचा येतो. कासाराच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. असा बर्फ कुणाची वाट अडवत नाही. त्या वर्षी नदी गुपचूप मोकळी होते. पण हिवाळ्यात डोंगरात भरपूर हिम साचलं असेल आणि एकदम ऊन तापलं, तर लोंढा कडक बर्फावर येऊन आदळतो. पाणी झाकणाला खालून उचलतं, मीटर-मीटर जाडीच्या लाद्या फुटतात, एकमेकींवर चढतात, काही तर पाण्याच्या जोरानं खाली ओढल्या जाऊन दुसऱ्या लाद्यांच्या पोटाखाली जाऊन बसतात. नदी वळते, उथळ होते किंवा फाटे फुटून तिचा जोर वाटला जातो, तिथे हा ढीग अडतो. खालून खडबडीत, वरून उंच. त्यामुळे नदीत पाणी तेवढंच असलं तरी पातळी कित्येक मीटर वर चढते. तेवढ्याच पाण्यानं उन्हाळ्यात काठही भिजला नसता.

हे शेवटचं वाक्य मी सहज लिहून गेले, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी फोर्ट चिपेवायनची. सगळे त्या गावाला चिपच म्हणतात. १७८८ साली फरच्या व्यापाऱ्यांनी वसवलेलं ठाणं, युरोपीयांनी अल्बर्टात केलेली सर्वांत जुनी वस्ती. ज्यांचा हा मुलूख आधीपासूनच होता ते क्री आणि डेने लोक आजही तिथे आहेत, आणि मूळ रहिवासी व युरोपीय यांच्या मिश्र वंशाचे मेटीसही. उन्हाळ्यात तिथे विमानानं किंवा बोटीनं जायचं. फक्त हिवाळ्यात गाडी जाते, कारण रस्ताच बर्फाचा असतो, गोठलेल्या दलदलीवरून आणि नद्यांवरून. एका मार्चमध्ये, रस्ता बंद व्हायच्या जरा आधी, ती मला तिच्या आजोबांकडे घेऊन गेली. क्री भाषेत आजोबांना मूशुम म्हणतात. मीही त्यांना मूशुमच म्हणू लागले. दुसरं काही तोंडात येईना.

ओळख करून देताना ती म्हणाली, हिचं घर २०२० च्या पुरात बुडलं. मूशुमनी माझा हात दोन्ही हातांत धरला, "वाईट झालं, पोरी," म्हणाले. चहा झाला. मग त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "आम्ही इथे त्याच पाण्याची वाट बघतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवानं आम्हाला स्नोमोबाइलवरून त्रिभुज प्रदेशात नेलं. दक्षिणेकडून अथाबास्का आणि पश्चिमेकडून पीस, अशा दोन मोठ्या नद्यांनी सरोवराच्या पश्चिम टोकाला गाळ आणून आणून हा सुमारे ६,००० चौरस किलोमीटरचा मुलूख केला आहे. समुद्रापासून इतक्या दूर, गोड्या पाण्यातला एवढा मोठा त्रिभुज प्रदेश जगात क्वचितच सापडतो. त्याचा बराचसा भाग वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात येतो. १९२२ साली झालेलं हे उद्यान १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. उत्तर अमेरिकेतल्या स्थलांतरी पक्ष्यांच्या चारही मोठ्या वाटा इथे एकत्र येतात. आणि अथाबास्का हे नाव? क्री भाषेतलं ते. जिथे ठिकठिकाणी लव्हाळे-बोरू आहेत अशी जागा. म्हणजे आधी या दलदलीचं नाव, मग सरोवराचं आणि नदीचं.

मला तिथे दिसलं ते पांढरं, सपाट मैदान. उतार म्हणाल तर टिचभर. पण नीट बघितलं की कळतं, ते सपाट नाही. नद्यांनी आपल्याच काठांना गाळाचे बांध घातले आहेत, आणि बांधांपलीकडे शेकडो उथळ तळी, थोडी उंचावर, नदीशी कुठल्याच ओढ्यानं न जोडलेली. बांधावरून पाणी चढून आलं तरच ती भरणार. उन्हाळ्यात नदी कितीही भरून वाहिली तरी सहसा तेवढी वर चढत नाही. तिथे पोचतं ते फक्त कोंडीचं पाणी. बर्फानं नदीला कित्येक मीटर वर उचललं, की मगच पाणी बांध ओलांडून या तळ्यांत उतरतं, बरोबर गाळ आणतं, वाढलेली विलोची झुडपं बुडवून मारतं, आणि पुढची काही वर्षं तळं जिवंत राहतं.

नातवानं एका जागी स्नोमोबाइल थांबवली. "हे मूशुमचं तळं." माझ्यासमोर डोक्याएवढ्या उंचीची विलोची दाट झुडपं होती, बर्फातून वर आलेल्या तांबूस काटक्या. तळं कुठे आहे, असं मी विचारलं नाही.

संध्याकाळी मूशुम मस्करॅटबद्दल बोलले. पाणउंदरासारखा हा प्राणी, दाट फरचा. लव्हाळ्यांचे भारे रचून तळ्यात घुमटासारखं घर बांधतो आणि बर्फाखाली पोहत हिवाळा काढतो. तळं इतपत खोल हवं, की तळापर्यंत गोठू नये. पाणी फुटाफुटानं कमी झालं तर एका थंडीत सगळे संपतात. मूशुमच्या तरुणपणी वसंतात एकेका माणसाला इतके मस्करॅट मिळत, की वर्षाचं मीठ-पीठ, पोरांचे बूट त्यातून निघत. "आम्ही घरं मोजत नव्हतो," ते म्हणाले, "क्षितिजापर्यंत घरंच घरं." १९७४ साली कोंडीचा मोठा पूर आला, तेव्हा दोन वर्षांत ती घरं पुन्हा उभी राहिली. नंतर पुढचा मोठा पूर थेट १९९६ साली, मग लागोपाठ १९९७ साली. मधली २२ वर्षं मूशुमनी वाट बघण्यात काढली. मधल्या काळात त्यांनी सुतारकाम धरलं.

हे का झालं, याचं चिपमधलं उत्तर एका शब्दाचं आहे: बेनेट. शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पीस नदीवर बांधलेलं, १८३ मीटर उंचीचं डब्ल्यू. ए. सी. बेनेट धरण. १९६७ साली ते पुरं झालं आणि १९६८ ते १९७१ या काळात त्याचा जलाशय भरला. त्रिभुज प्रदेश तिथून नदीच्या वाटेनं हजार किलोमीटरहून लांब. जलाशय भरत असतानाच इथली सरोवरं उतरली. नंतर सरोवराचं पाणी धरून ठेवायला १९७० च्या दशकात बाहेर जाणाऱ्या प्रवाहांवर दगडी बंधारे घातले. सरोवराची पातळी बरीच सावरली, पण उंचावरच्या तळ्यांना त्याचा काय उपयोग?

धरणाचं मला न सुचणारं एक काम तिथे समजलं. वीज सगळ्यात जास्त लागते हिवाळ्यात, म्हणून धरण हिवाळ्यात जास्त पाणी सोडतं. पूर्वी नदी हिवाळ्यात आटून खाली गोठायची. आता ती भरलेली असताना, वरच्या पातळीला गोठते. बर्फाचं झाकण जितकं वर बसेल, तितकं वसंतातलं पाणी जास्त चढायला हवं, तेव्हा ते उचकटणार. आणि वसंतातलं पाणी तर धरणानं अडवून ठेवलेलं. म्हणजे दार जड झालं आणि धक्का देणारा हात अशक्त.

अभ्यासक मात्र एकमुखानं बोलत नाहीत. काहींनी तळ्यांच्या तळाचा गाळ काढून त्याचे थर वाचले आहेत आणि ते सांगतात, कोरडं होणं धरणाआधीच सुरू झालं होतं, हवामान बदलतंय, हिम कमी पडतंय. नदीच्या बर्फावर आयुष्य घालवलेले काही तज्ज्ञ धरणाचा वाटा मोठा मानतात. धरणाच्या खाली पीसला मिळणारी स्मोकी नदी भरून आली, तरच हल्ली कोंडी होते, आणि स्मोकीच्या खोऱ्यातलं हिम घटलं की तोही आधार जातो. मला यातलं खरं-खोटं करता येणार नाही. पण अलमट्टीच्या वादात मी वाढले आहे. पाणी मोजणाऱ्याचं म्हणणं ऐकावंच, आणि ज्याच्या मोरीतून पाणी येतं किंवा येत नाही, त्याचंही तितक्याच गांभीर्यानं ऐकावं, असं मला मनापासून वाटतं. चिपच्याच मिकिस्यू क्री लोकांनी २०१४ साली युनेस्कोकडे दाद मागितली, की हा वारसा धोक्यात आहे असं जाहीर करा. युनेस्कोचे लोक २०१६ साली येऊन पाहून गेले. २०१९ साली कॅनडा सरकारनं कृती आराखडा काढला. त्यात एक गोष्ट अशी आहे, की योग्य वर्षी, योग्य वेळी धरणातून पाणी सोडून कोंडीच्या पुराला हातभार लावता येईल का, ते बघायचं. पूर यावा म्हणून सरकारी आराखडा. हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं दोनदा विचारलं, "यावा म्हणून?"

चिपहून निघताना नातवानं नदीकाठचं एक जुनं झाड दाखवलं. पॉप्लरचं. खोडावर, माझ्या हाताला पोचणार नाही इतक्या उंचीवर, साल खरवडून गेलेली, आणि कडांनी पुन्हा फुगून आलेली, जुन्या जखमेच्या ओठांसारखी. बर्फाच्या लाद्या जाताना घासून गेल्याची खूण. अशा खुणांची वर्षं झाडाच्या कड्यांवरून मोजता येतात, कधी कोंडी झाली आणि पाणी कुठवर चढलं ते कळतं. मी त्या खुणेखाली उभी राहिले. मला आयर्विनजवळची फुटांच्या आकड्यांची पट्टी आठवली. आमच्याकडे ते आकडे वर जाऊ नयेत म्हणून आम्ही श्वास रोखून बघतो. मूशुम या झाडाकडे बघतात, पाणी पुन्हा तिथवर कधी पोचेल म्हणून.

परतीच्या वाटेवर मी बराच वेळ गप्प होते. मी तेलवाळूत काम करते. आमच्या खालच्या अंगाला मूशुमचं गाव आहे, आणि वरून येणाऱ्या पाण्यात काय काय मिसळतं याची चिंता तिथे घरोघरी आहे. त्यांनी मला त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. चहा पाजला, वाळवलेला मासा बांधून दिला.

याहून उत्तरेला, मॅकेन्झी नदी समुद्राला मिळते तिथेही हीच गोष्ट आहे. तिथल्या अक्लाविक गावाला पूर आणि ढासळणारे काठ नडले, म्हणून सरकारनं १९५० च्या दशकात उंच जागी इनुविक हे नवं गाव वसवलं. पण अक्लाविकची सगळी माणसं गेली नाहीत. ते गाव अजून आहे. गावभागातल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.

आता दर एप्रिलमध्ये माझं मन एका बाजूला राहत नाही. संध्याकाळी जेवणं झाली की आम्ही तिघं स्नायच्या काठावर फिरायला जातो. स्नाय म्हणजे गावाजवळचा नदीचा जुना फाटा. सारं गावच तिथे येऊन उभं असतं, हातात कॉफी, नजर बर्फावर. १९७७, १९९७, २०२०, असे आकडे लोकांच्या तोंडी असतात. आम्ही बेसमेंट पुन्हा बांधलं, पण खाली आता फक्त मशीन आहे, आणि मोरीला उलटं पाणी रोखणारी झडप बसवली आहे. लोणची वरच्या कपाटात.

परवाच्या वसंतात नदी हळूहळू फुटली. दुपारी काळ्या भेगा दिसल्या, रात्री लांबून किणकिण ऐकू आली, आणि सकाळी उठून पाहते तर मधोमध पाण्याचा पट्टा, त्यावर कुजक्या बर्फाच्या लाद्या एकामागून एक निमूट चाललेल्या. काठावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आईचा फोन आला. "गेला का गं बर्फ? पाणी किती फूट?" मी सांगितलं, काही नाही, सुखरूप गेला. तिनं तिकडे देवापुढे साखर ठेवली.

मग मी चिपला फोन लावला. मूशुमना आता ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं सांगितलं, "मूशुम, इथून नदी शांतपणे गेली."

थोडा वेळ पलीकडून काही आलं नाही. मग ते म्हणाले, "चांगलं झालं. तुझं घर कोरडं राहिलं." आणि जरा थांबून, "म्हणजे इथेही ती शांतच येईल."

मी त्यांना विचारलं, जेवलात का.